एका मिनिटाचा नेम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

चांदमारी हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेला असतो. ज्या गावांत एकेकाळी लष्कराची छावणी होती, त्या गावांच्या कडेला चांदमारी नावाची एक जागा हमखास सापडते. एखादी टेकडी, तिच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध आणि समोर मोकळे माळरान. या बांधापुढे गोल निशाणे उभी करायची आणि सैनिकांनी दुरून त्यांवर गोळ्या झाडायच्या. निशाणाचा तो पांढरा गोल म्हणजे चांद, आणि त्याला मारणे ती चांदमारी. किती सुंदर शब्द आणि कशासाठी वापरला गेला!

या चांदमारीच्या इतिहासातले एक प्रकरण आज आपल्यापुढे मांडायचे आहे. हे प्रकरण आहे घड्याळाचे. नेमबाजीत घड्याळ कधी आले, कशासाठी आले आणि त्याने काय घडवले, याचे.

आपल्या परंपरेतली नेमबाजीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा. झाडावरचा पक्षी दाखवून त्यांनी शिष्यांना विचारले, तुला काय दिसते? कोणाला झाड दिसले, कोणाला फांद्या दिसल्या, अर्जुनाला फक्त डोळा दिसला. एकाग्रतेची ही परीक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. पण एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. या परीक्षेत वेळेची मर्यादा नव्हती. पक्षी लाकडाचा होता, तो उडून जाणार नव्हता.

खऱ्या शिकाऱ्याची गोष्ट वेगळी. रानातले हरीण थांबत नाही. गवतातून ते एक उडी मारून बाहेर येते, दोन झुडपांच्या मधली मोकळी जागा ओलांडते आणि नाहीसे होते. बंदूक खांद्याला लावणे, माशी निशाणावर आणणे आणि चाप ओढणे हे सगळे तेवढ्या दोन-चार सेकंदांत उरकावे लागते. बरे, घाईने झाडलेली गोळी चुकली तर शिकार जाते आणि काडतूसही जाते. आणि गोळी अर्धवट लागली तर जखमी जनावर रानात तडफडत राहते. म्हणजे शिकाऱ्याला वेग हवा आणि संयमही हवा. युरोपात या गोष्टीचा खेळ केला गेला. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ‘धावते हरीण’ नावाची स्पर्धा होती. शंभर मीटरच्या आसपास अंतरावरून हरणाच्या आकाराचे एक निशाण रुळांवरून सरकत जाई. ते समोरून जायला साधारण चार सेकंद लागत आणि तेवढ्यात नेम साधायचा. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी त्या वर्षी साठाव्या वर्षी सुवर्णपदक मिळवले. पुढे 1920 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, याच प्रकारच्या सांघिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक घेतले. ऑलिंपिकमध्ये इतक्या उतारवयात पदक मिळवणारा खेळाडू त्यानंतर झालेला नाही. चार सेकंदांचा खेळ, आणि तो जिंकतो बहात्तर वर्षांचा म्हातारा! वेग हा हातापायांच्या चपळाईत नसतो, सवयीत असतो, हे यावरून कळते.

शिकाऱ्याच्या या सवयीने एका साम्राज्याला कसे हादरवले, ते आता पाहू.

दक्षिण आफ्रिकेत बोअर नावाचे लोक होते. मूळचे डच वंशाचे, शेती आणि गुरे राखणारे. ट्रान्सव्हाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन प्रजासत्ताके. त्यांच्याकडे तोफखाना सोडला तर खडे सैन्य जवळजवळ नव्हते. युद्धाची हाक आली की प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःचे घोडे आणि रायफल घेऊन हजर व्हायचे. ज्या रायफलीने तो माळावरची हरणे मारी, तीच घेऊन तो लढाईला येई. 27 फेब्रुवारी 1881 रोजी मजुबा टेकडीवर या शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. सेनापती जॉर्ज कॉली स्वतः त्यात ठार झाले. खडक आणि झुडपांच्या आडोशाने चढत जायचे, डोके दिसले की बार टाकायचा, ही सरळ शिकाऱ्याची रीत होती.

1899 मध्ये पुन्हा युद्ध पेटले तेव्हा बोअरांच्या हातात जर्मनीची माउझर रायफल होती. पाच काडतुसे एका पट्टीत बसवलेली असत. पट्टी वरून दाबली की पाचही आत जात. तिची दारू बिनधुराची, त्यामुळे गोळी कुठून आली हे कळतच नसे. त्या डिसेंबरात एका आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी ब्रिटिशांचा पराभव झाला. इंग्लंडात या आठवड्याला ‘काळा आठवडा’ म्हणतात. 15 डिसेंबरला एकट्या कोलेन्सोच्या लढाईत ब्रिटिशांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,100 हून अधिक लोक गेले. बोअरांची हानी पन्नासाच्या आत होती.

या रणभूमीवर एक ओळखीचा माणूस होता. नाताळमधल्या हिंदी लोकांचे एक शुश्रूषा पथक उभारून बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी तेथे गेले होते. पथकात सुमारे अकराशे माणसे होती. त्यांतली बरीचशी करारावर नेलेले मजूर होती. जखमींना डोलीत घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावे लागे, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. कोलेन्सोला एका तरुण अधिकाऱ्याला प्राणघातक जखम झाली होती. त्याचा देह रणांगणावरून नेण्याचे काम या हिंदी पथकाकडे आले. तो अधिकारी म्हणजे लेफ्टनंट रॉबर्ट्स, फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता मुलगा.

हे लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानात कितीतरी वर्षे राहिलेले. 1885 ते 1893 या काळात ते इथले सरसेनापती होते. मुलाच्या मृत्यूच्या सुमारासच त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या फौजेचे नेतृत्व देण्यात आले. युद्धावरून परतल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला: इंग्लंडचा प्रत्येक तरुण नेमबाज झाला पाहिजे. 1901 मध्ये कामगार वर्गासाठी रायफल क्लब काढणारी संस्था उभी राहिली. रॉबर्ट्स तिचे मोठे पुरस्कर्ते होते. कारखान्यांतून, शाळांतून, गावच्या सभागृहांतून छोट्या रायफलींच्या चांदमाऱ्या सुरू झाल्या.

इथे आपण थोडे थांबून आपल्याकडे पाहू. हिंदुस्थानात 1878 चा शस्त्रकायदा लागू होता. परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची इथल्या रयतेला बंदी होती आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. शेतात शिरणारी रानडुकरे हाकलायला बंदूक हवी म्हणून शेतकऱ्याने अर्ज करायचे आणि वाट पाहायची. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. ज्या साम्राज्याला आपल्या गिरणीकामगाराच्या हातात रायफल हवी होती, त्यालाच मराठवेशीतल्या कुणब्याच्या हातात ती नको होती. नेमबाजीचा इतिहास असा सत्तेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

बोअर युद्धाचा धडा घेताना इंग्रज थोडे फसलेही. प्रत्येक बोअर अचूक नेमबाज होता, हा समज खरा नव्हता. 1899 पर्यंत रानातली जनावरे पुष्कळ कमी झाली होती आणि नव्या पिढीतल्या कितीतरी बोअरांना शिकारीचा सराव उरला नव्हता. मॅगर्सफाँटेनला त्यांचा विजय झाला तो द ला रे या सेनानीच्या डोक्यामुळे. त्याने खंदक टेकडीच्या माथ्यावर न खणता पायथ्याशी खणायला लावले. ब्रिटिश तोफा माथा भाजत राहिल्या आणि गोळ्या आल्या पायथ्यातून. पण ‘शिकारी शेतकऱ्याने सैनिकाला हरवले’ ही कथा इंग्रज मनात इतकी रुजली, की त्या कथेतून एक नवी शिक्षणपद्धत जन्माला आली.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हाइथ नावाचे गाव आहे. तिथे 1853 पासून लष्कराची नेमबाजीची शाळा होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे नॉर्मन मॅकमाहन नावाचे अधिकारी मुख्य शिक्षक होते. त्यांचे म्हणणे असे की येत्या युद्धात मशीनगनचे महत्त्व फार वाढणार आहे, त्यामुळे पलटणींना मशीनगन जास्त द्या. त्या वेळी एका पलटणीला, म्हणजे सुमारे हजार माणसांना, दोनच मशीनगन मिळत. ही मागणी मान्य झाली नाही. मग यंत्र मिळत नसेल तर माणसालाच यंत्राच्या वेगाने गोळ्या झाडायला शिकवावे, असा मार्ग निघाला. मॅकमाहन यांच्या या ध्यासामुळे सहकाऱ्यांनी त्यांना नेमबाजीचे वेडे असे टोपणनावही दिले होते.

1909 च्या नेमबाजीच्या नियमावलीत एक कसोटी घातली गेली. अंतर 300 यार्ड, म्हणजे सुमारे पावणेतीनशे मीटर. सैनिकाने पालथे पडायचे. रायफलीत आधीपासून पाच काडतुसे. समोर चार फूट चौरस निशाण वर येते आणि घड्याळ सुरू होते. एका मिनिटात पंधरा गोळ्या, त्याही नेम धरून. पहिली पाच संपली की कमरेच्या पाकिटातून पाचाची पट्टी काढायची, भरायची, झाडायची. पुन्हा एकदा तसेच. हिशेब केला तर एका गोळीला चार सेकंद मिळतात आणि भरण्याचा वेळही त्यातच धरायचा. धावत्या हरणाचेच चार सेकंद, पण लागोपाठ पंधरा वेळा! या कसोटीला पुढे ‘वेडे मिनिट’ असे नाव पडले.

ज्या रायफलीने हे केले जाई ती आपल्याला चांगली माहीत आहे. तीच ती थ्री नॉट थ्री. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे तयार झाली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर एकविसाव्या शतकातही दिसत राहिली. तिचा बोल्ट चापाच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे हात फार हलवावा लागत नाही. बोल्ट थोडासाच फिरवावा लागतो. आणि तिच्या पेटीत दहा काडतुसे मावतात, माउझरमध्ये पाचच. सराईत सैनिक अंगठा आणि तर्जनी बोल्टवरून काढतच नसत. चाप मधल्या बोटाने ओढत.

सराव कसा चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. सैनिकाला वर्षाकाठी खरी काडतुसे मोजकीच मिळत. मग बाकीचा सराव बराकीतच, काडतुसांवाचून चाले. खोटी काडतुसे भरायची आणि काढायची. रायफल खांद्याला लावायची, माशी भिंतीवरच्या ठिपक्यावर आणायची, श्वास अर्धा सोडून रोखायचा, चाप ओढायचा, बोल्ट मागे, बोल्ट पुढे, पुन्हा तेच. आपल्याकडे तबला शिकणारा मुलगा एकच कायदा आधी ठाय लयीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत वाजवतो. बोल अस्पष्ट झाला की गुरुजी पुन्हा ठायीला आणतात. तसेच हे. आधी हळू आणि अचूक, मग हळूहळू घड्याळ आवळायचे. जो पहिल्या दिवसापासून घाई करी, त्याच्या पंधरा गोळ्या सुटत, पण निशाणावर तिघीचौघीच सापडत. अति घाई संकटात नेई, ही घाटातली पाटी चांदमारीलाही लागू पडते. वेग हा निरर्थक हालचाली गाळून येतो, हात जोरात चालवून येत नाही, हा या सरावाचा सारांश.

कसोटी उत्तम रीतीने पार करणाऱ्याच्या बाहीवर दोन रायफलींचे चिन्ह चढे. नेमबाजीच्या प्रतवारीवर पगारातली वाढही अवलंबून असे. गरीब घरातून आलेल्या सैनिकाला ती चार पैशांची वाढ मोलाची होती, म्हणून तो जीव ओतून सराव करी. पंधराची अट असताना पंचवीस-तीस गोळ्या झाडणारे सैनिकही निघाले. 1914 मध्ये स्नॉक्सॉल नावाच्या एका सार्जंटने मिनिटाला 38 गोळ्या निशाणावर मारल्या, असे इंग्रजी पुस्तकांतून वारंवार सांगितले जाते. म्हणजे दर गोळीला दीड सेकंदाच्या आसपास! त्या विक्रमाला दुजोरा देणारे पुरावे मात्र इतके विरळ आहेत, की त्याला पलटणीतली दंतकथा मानणेच बरे.

23 ऑगस्ट 1914. बेल्जियममधले माँस शहर. तिथल्या कालव्यावर जर्मन आणि ब्रिटिश फौजांची पहिली मोठी गाठ पडली. निमी येथील पुलाच्या रक्षणाला रॉयल फ्युझिलिअर्सची चौथी पलटण होती आणि तिचे कमांडर होते हेच मॅकमाहन. जर्मन तुकड्या दाटीने पुढे आल्या आणि हाइथच्या शिकवणीची कसोटी लागली. गोळीबार इतका झपाट्याचा होता, की समोर मशीनगनच मशीनगन आहेत असे जर्मनांना वाटले, ही गोष्ट इंग्रजी शालेय पुस्तकांतही गेली. अलीकडच्या काही इतिहासकारांनी जर्मन कागदपत्रे तपासून या गोष्टीतली अतिशयोक्ती दाखवून दिली आहे. जर्मनांनी त्याच दिवशी कालवा ओलांडला आणि ब्रिटिशांना माघार घ्यावी लागली, हे तर निर्विवाद आहे. निमीच्या पुलावर त्या दिवशी दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: लेफ्टनंट मॉरिस डीझ आणि शिपाई सिडनी गॉडली. आणि हे दोघेही रायफल चालवत नव्हते. पलटणीच्या त्या दोन मशीनगनच ते चालवत होते. मॅकमाहन यांनी ज्या यंत्राची मागणी केली होती, त्या यंत्रानेच त्यांच्या पलटणीची माघार सावरली.

त्यानंतरचे तीन महिने या मिनिटभराच्या कौशल्याने ब्रिटिशांची फळी टिकवून धरली, पण किंमत भयंकर होती. 1914 संपेपर्यंत मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 90 हजार माणसांची हानी झाली. वर्षानुवर्षे घोटून तयार केलेले ते नेमबाज जवळजवळ संपले. मॅकमाहन 11 नोव्हेंबर 1914 रोजी ईप्रच्या लढाईत मारले गेले.

फळीतली भगदाडे बुजवायला कोण आले? आपली माणसे. लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे सैनिक 26 सप्टेंबरपासून मार्सेल बंदरात उतरू लागले. त्यांच्या जुन्या रायफली बदलून तिथे त्यांना नव्या देण्यात आल्या. परक्या देशात, परक्या थंडीत, हातात नवी रायफल घेऊन ते थेट खंदकांत गेले. 31 ऑक्टोबरला होलेबेक येथे 129 व्या बलुची पलटणीतला खुदादाद खान सगळे सोबती पडल्यावरही एकटा लढत राहिला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला हिंदी सैनिक ठरला. तोही मशीनगनवरच होता. आणि या हिंदी सैनिकांना भेटायला ब्याऐंशी वर्षांचे लॉर्ड रॉबर्ट्स मुद्दाम फ्रान्सला आले. कडाक्याच्या थंडीने त्यांना न्यूमोनिया झाला आणि 14 नोव्हेंबरला सेंट ओमेर येथे त्यांचे निधन झाले. ज्यांच्या मुलाचा देह हिंदी खांद्यांनी वाहिला होता, त्यांचे अखेरचे दिवस हिंदी सैनिकांच्या भेटीगाठींत गेले. मॅकमाहन आणि रॉबर्ट्स, नेमबाजीचे दोन पुरस्कर्ते, तीन दिवसांच्या अंतराने गेले.

पुढे मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 पर्यंत त्या झुंजल्या आणि शेवटी उपासमारीने शस्त्रे खाली ठेवावी लागली. भुकेपुढे कोणाचाच नेम चालत नाही.

तोवर युद्धाचे रूपच पालटले होते. ऑक्टोबर 1915 मध्ये ब्रिटिशांनी मशीनगनचे स्वतंत्र दल उभारले. चार-सहा महिन्यांत तयार झालेल्या नव्या रंगरुटाला वेडे मिनिट शिकवायला सवड नव्हती. त्याच्या हातात हातबाँब दिला की काम भागत होते. एका माणसाला दहा वर्षे घडवायचे की एक यंत्र कारखान्यातून काढायचे, या प्रश्नाचे उत्तर युद्धाने यंत्राच्या बाजूने दिले. यात हळहळण्यासारखे आहे, आणि नाहीही. कारण त्या अपूर्व कौशल्याचे निशाण शेवटी माणूसच होता. शिकारी निदान एका जनावराकडे पाहून चाप ओढत असे. मिनिटाला पंधरा गोळ्या झाडणाऱ्याला समोर कोण आहे हे पाहायला चार सेकंदही मिळत नव्हते.

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय बंद झाला. पण नेम आणि घड्याळ यांचे नाते सुटलेले नाही. ते आता खेळाच्या मैदानावर आले आहे, आणि तिथे महाराष्ट्राचे, विशेषतः कोल्हापूरचे नाव मोठे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून, तिन्ही प्रकारांत घड्याळ चालूच असते. अंतिम फेरीत उभ्याने शेवटचे एकेक बार टाकताना प्रत्येक बाराला 50 सेकंद मिळतात.

पन्नास सेकंदांत हाइथचा शिपाई बारा गोळ्या झाडून मोकळा झाला असता. स्वप्नील तेवढ्या वेळात एकच झाडतो. कधी तो रायफल खांद्याला लावतो, मन स्थिर नाही असे वाटले तर खाली घेतो, पुन्हा श्वास जमवतो आणि मगच चाप ओढतो. घड्याळ त्याचेही पळत असते, पण त्या घड्याळाखाली कोणी मरत नाही. समोर असतो केवळ एक चांद. चांदमारी या शब्दाला शोभेल असे निशाण तिला मिळायला एवढा काळ जावा लागला.